हरकती व सूचना: अमेरिकन सरकारच्या जाहीर नोटिसा कशा वाचाव्यात



अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या बहुतेक घरांत सरकारी टपालाचे दोन ढीग होतात. एक भीतीचा: इमिग्रेशन, आयकर, सोशल सिक्युरिटी. ही पाकिटे लगेच उघडली जातात आणि घरातला जो कोणी इंग्रजीत पुढे असेल त्याच्यापुढे ठेवली जातात. दुसरा ढीग कंटाळ्याचा. त्यात जनगणना खात्याचे लांबलचक प्रश्नपत्रक असते, शाळेचे व म्युनिसिपालिटीचे कागद असतात, आणि तो बरेचदा कचऱ्यात जातो. या लेखात आम्ही तिसऱ्या प्रकारच्या कागदाविषयी लिहीत आहोत. तो आपल्या घरी कधीच येत नाही. पहिल्या दोन ढिगांतील फॉर्मवर कोणता प्रश्न असावा, कोणता नसावा, हे मात्र त्याच्यावरून ठरते. तो कागद म्हणजे सरकारची जाहीर नोटीस.

ही वस्तू आपल्याला नवी नाही. कुलाबा जिल्ह्यातील आपल्या गावांत दवंडी पिटली जाई, चावडीच्या भिंतीवर कागद चिकटवला जाई. मुंबईत म्युनिसिपालिटी रस्ता रुंद करावयास निघाली की वर्तमानपत्रात बारीक टाइपात चौकट येई आणि तिच्या शेवटी ठरलेले वाक्य असे: अमुक तारखेपर्यंत हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत. वाचणारे थोडे, हरकत घेणारे त्याहून थोडे. पण ज्याने घेतली त्याचे म्हणणे दप्तरी लागे. अमेरिकेतही चाल तीच आहे. फरक असा की येथे चावडी एकच आहे आणि ती फार मोठी आहे. तिचे नाव फेडरल रजिस्टर. सरकारी सुट्ट्या सोडून सोमवार ते शुक्रवार ती रोज प्रसिद्ध होते.

ही चावडी बांधावी लागली त्यामागे एक गोष्ट आहे व ती सांगण्याजोगी आहे. १९३३ साली मंदीच्या काळात अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने उद्योगधंद्यांसाठी नियमावल्या काढल्या. त्यांत खनिज तेलासाठीही एक होती. ठरवून दिलेल्या मापापेक्षा जास्त तेल काढणे हा त्या नियमावलीखाली गुन्हा होता. सप्टेंबर १९३३ मध्ये दुरुस्तीचा हुकूम निघाला, आणि तो लिहिताना नेमके तेच कलम चुकून गळले. कोणाच्याच लक्षात आले नाही. सरकारी वकील त्या कलमाखाली खटले भरीत राहिले, कोर्टे ते चालवीत राहिली, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले तेव्हा कुठे उघड झाले की ज्या कायद्यावरून एवढे रणकंदन चालले आहे तो कायदा मुळी अस्तित्वातच नाही. सरकारचे हुकूम एका ठिकाणी छापण्याची सोयच नव्हती. ज्याला शिक्षा व्हायची त्याने नियम शोधावा कुठे, असा प्रश्न न्यायमूर्तींसमोर उभा राहिला. पनामा रिफायनिंग कंपनीच्या या खटल्याचा निकाल जानेवारी १९३५ मध्ये लागला, जुलैमध्ये फेडरल रजिस्टरचा कायदा झाला आणि १४ मार्च १९३६ रोजी पहिला अंक निघाला.

पुढे १९४६ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. सरकारी खात्याने नवा नियम करावयाचा तर आधी मसुदा छापावा, लोकांचे म्हणणे घ्यावे, आणि मग कारणे देऊन नियम पक्का करावा, असा दंडक घालून दिला. त्यात अपवाद पुष्कळ आहेत, पण मूळ गोष्ट तेवढीच आहे.

कागदी घोड्यांचा कायदा

आता माहिती गोळा करण्याच्या नोटिशीकडे वळू. आपल्याला नियमांपेक्षा फॉर्मशी गाठ जास्त पडते, म्हणून यावर आम्ही अधिक थांबणार आहोत.

सरकारने लोकांना किती प्रश्न विचारावेत यावर लगाम घालण्याचा पहिला प्रयत्न १९४२ सालचा, युद्धकाळातला. तो अपुरा पडला. ११ डिसेंबर १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी पेपरवर्क रिडक्शन अॅक्टवर सही केली. कागदी घोडे कमी नाचवण्याचा कायदा, असे त्याचे मराठी आम्ही करतो. १९९५ साली तो नव्याने लिहिला गेला व आज त्याच रूपात चालतो. त्याचे सार असे. केंद्र सरकारच्या कोणत्याही खात्याला दहा किंवा अधिक लोकांना एकसारखे प्रश्न विचारायचे असतील, मग तो छापील फॉर्म असो, टेलिफोनवरची पाहणी असो की नोंदवही ठेवण्याचा हुकूम असो, तर आधी अध्यक्षांच्या कचेरीतील अर्थसंकल्प खात्याची, म्हणजे ओ.एम.बी.ची, मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची मिळते. ती संपत आली की खात्याला पुन्हा दारात उभे राहावे लागते. म्हणून जुन्या, वर्षानुवर्षे चालत आलेल्या फॉर्मवरही दर काही वर्षांनी लोकांना बोलण्याची संधी येते. हे आपल्या लोकांना ठाऊक नसते. फॉर्म म्हणजे दगडावरची रेघ, असाच आपला समज.

मंजुरीच्या वाटेवर दोन नोटिसा निघतात. पहिली साठ दिवसांची. तीत खाते सांगते की आम्ही अमुक माहिती गोळा करू इच्छितो, आपले म्हणणे आम्हाला कळवा. साठ दिवस संपले की खाते आलेली मते पाहते, हवा तर फॉर्म बदलते, आणि सर्व कागद ओ.एम.बी.कडे पाठवते. त्या वेळी दुसरी नोटीस निघते, तीस दिवसांची. या खेपेस म्हणणे ओ.एम.बी.कडे जाते. पहिल्या फेरीत आलेल्या मतांचा गोषवारा आणि त्यांवर काय केले याचा खुलासा खात्याला लेखी द्यावा लागतो. ज्यांना खरोखर बदल घडवून आणायचा आहे त्यांनी पहिल्या फेरीतच लिहावे, असे आमचे मत आहे. दुसऱ्या फेरीपर्यंत भात शिजून झालेला असतो, वाफ तेवढी राहिलेली असते.

नोटीस वाचण्याची युक्ती सांगतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू नये. कोणीच वाचत नाही. वर खात्याचे नाव असते, त्याखाली ही नोटीस कशासाठी ते एका ओळीत असते. मग थोडक्यात सारांश, मग तारखा, मग म्हणणे कुठे पाठवावे तो पत्ता, मग माहितीसाठी कोणाला विचारावे. एवढे वाचून थेट खाली उतरावे आणि एक शब्द शोधावा: हा फॉर्म नवा आहे, जुनाच पुढे चालू ठेवायचा आहे, की जुन्यात बदल करायचा आहे? बदल असेल तर तेथे थांबावे. बाकी मजकूर त्या बदलाभोवती फिरत असतो.

त्यानंतर बोजाचा हिशोब येतो. किती लोक भरणार, प्रत्येकाला किती वेळ लागणार, एकूण किती तास. जनगणना खात्याच्या वार्षिक पाहणीचे, म्हणजे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे, उदाहरण घेऊ. साधारण ३५ लाख पत्त्यांवर दर वर्षी ही पाहणी जाते आणि एका घराला ४० मिनिटे लागतात असे खाते धरते. ३५ लाखांना ४० ने गुणले की १४ कोटी मिनिटे, म्हणजे सुमारे २३ लाख ३३ हजार तास. हा देशाचा वेळ आहे, आणि तो घेण्यापूर्वी सरकारने विचारावे असा कायद्याचा आग्रह आहे. आता ज्या घरात आजीआजोबा, दोन मुलगे, सुना व नातवंडे एका छताखाली आहेत आणि इंग्रजी वाचणारी व्यक्ती रात्री कामावरून परतते, त्या घराला ४० मिनिटे पुरतील काय? पुरत नसतील तर ते लिहून पाठवण्याजोगे आहे. नोटीस ज्या चार गोष्टी लोकांना विचारते त्यांत ही एक आहेच: वेळेचा अंदाज बरोबर आहे का? बाकीच्या तीन अशा की ही माहिती खात्याच्या कामासाठी खरोखर लागते का, प्रश्न अधिक स्पष्ट व उपयोगी कसे करता येतील, आणि भरणाऱ्याचा त्रास कमी कसा करता येईल. या चारांपैकी एखाद्या प्रश्नाला धरून लिहिलेले पत्र खात्याला बाजूला ठेवणे अवघड जाते. सरकारचे एकंदर धोरण वाईट आहे, असे लिहिलेले पत्र सहज बाजूला ठेवता येते.

मंजुरी मिळाल्याची खूण फॉर्मवरच असते. बहुधा वरच्या उजव्या कोपऱ्यात ओ.एम.बी.चा क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. नागरिकत्वाच्या अर्जावर १६१५-००५२, आयकराच्या नेहमीच्या फॉर्मवर १५४५-००७४, वर सांगितलेल्या पाहणीवर ०६०७-०८१०. पहिले चार आकडे खात्याचे. ज्या माहिती-संकलनाला चालू क्रमांक नाही ते भरले नाही म्हणून कोणालाही दंड करता येत नाही, असे कायदा सांगतो. मात्र येथे एक धोका आहे. काही अतिशहाण्यांनी याच कलमाचा आधार घेऊन कर भरण्याचे टाळले. कोर्टांनी ते मानले नाही, कारण कर देणे ही कायद्याने घातलेली जबाबदारी आहे, ती फॉर्मच्या कोपऱ्यातील आकड्यावर अवलंबून नाही. आमच्या वाचकांनी हा क्रमांक ओळखीसाठी वापरावा, पळवाट म्हणून नव्हे.

ओळखीसाठी तो उपयोगी खरोखर आहे. जनगणना खात्याचे नाव सांगून फसवणारे लोक घरी येतात, फोन करतात. खरे जनगणना खाते पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेचा तपशील किंवा पैसे कधीही मागत नाही. आणि त्या खात्याला दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याने गुप्त असते. जनगणनेची घरोघरची पाने ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० सालची पाने १ एप्रिल २०२२ रोजी उघडली गेली.

आपण कोणत्या रकान्यात?

एवढा खटाटोप आपण का करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रकान्यांच्या इतिहासात आहे.

१९२०, १९३० आणि १९४० या तीन जनगणनांत अमेरिकन सरकारने हिंदुस्थानातून आलेल्या माणसांसाठी वंशाचा एक रकाना ठेवला होता. त्याचे नाव होते ‘हिंदू’. शीख असो, मुसलमान असो, तो ‘हिंदू’. त्या काळी मुंबईचा एखादा बेने इस्राएल गृहस्थ न्यूयॉर्कला उतरला असता आणि गणनेला सापडला असता तर त्याच नियमाने त्याचीही नोंद ‘हिंदू’ झाली असती. शुक्रवारी संध्याकाळी कीद्दुश करणारा हिंदू! हसू येते खरे, पण असे रकाने कोणाला विचारून आखलेले नसत.

पुढे हा रकाना गेला. १९७० च्या जनगणनेत भारतातून आलेल्यांची गणती गोऱ्यांत झाली. १९७० च्या दशकाच्या मध्यात सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांची एक समिती वंशाच्या व्याख्या ठरवण्यास बसली तेव्हा तिचाही कल आरंभी तसाच होता. भारतीयांच्या संस्थांनी हरकत घेतली. भारतीयांतही एकमत नव्हते. काहींना वाटे की अल्पसंख्य म्हणून नोंद झाली तर काळे व इतर गरीब समाज ज्या सवलतींसाठी झगडले त्यांत आपण वाटेकरी होऊ आणि ते योग्य नाही. काहींचे म्हणणे असे की नोकरीत व धंद्यात आपल्याला रंगामुळे डावलले जाते, पण आकडे नसल्याने ते सिद्ध करता येत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते असे आम्हाला वाटते. अखेर मे १९७७ मध्ये ओ.एम.बी.ने डायरेक्टिव्ह १५ काढले आणि भारतीय उपखंडातील लोक आशियाईंत आले. १९८० च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ असा वेगळा चौकोन प्रथमच छापला गेला व साडेतीन लाखांच्या वर लोक त्यात मोजले गेले. त्याच्या दहा वर्षे आधी ते आकड्यांत दिसतच नव्हते.

यापेक्षाही बोलका दाखला हवाई बेटांचा आहे. १९७७ च्या नियमात हवाईचे मूळ रहिवासी आशियाईंबरोबर एकाच रकान्यात होते. ओ.एम.बी.ने नियम पुन्हा तपासायला घेतला तेव्हा १९९४ साली बोस्टन, डेन्व्हर, सान फ्रान्सिस्को व होनोलुलू येथे जाहीर सुनावण्या झाल्या. जुलै १९९७ मध्ये खात्यांच्या समितीची शिफारस फेडरल रजिस्टरमध्ये छापली गेली, आणि तीत हवाईच्या लोकांना होते तेथेच ठेवावे असे होते. मग हरकतींचा पाऊस पडला. सुमारे ७,००० लोकांनी सह्या करून पिवळी छापील कार्डे पाठवली. त्यांचे मागणे खरे तर असे होते की आम्हाला अमेरिकन इंडियन, म्हणजे येथील मूळ जमातींच्या रकान्यात घ्या. त्याला त्या जमातींचा विरोध होता व ते मागणे मान्य झाले नाही. पण ३० ऑक्टोबर १९९७ च्या अंतिम निर्णयात हवाई व पॅसिफिक बेटांच्या लोकांचा स्वतंत्र रकाना झाला. कारण दिले ते असे: जुन्या एकत्र रकान्यात हवाईचे लोक जेमतेम ३ टक्के होते व त्यांची शिक्षणाची, आरोग्याची, उत्पन्नाची माहिती मोठ्या आकड्यांखाली बुडून जाई. नव्या रकान्यात ते सुमारे ६० टक्के झाले. म्हणजे कार्डांनी दार ठोठावले, आणि आत नेले ते आकड्यांच्या युक्तिवादाने. त्याच निर्णयात एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करण्याची मुभाही प्रथमच मिळाली.

आणि आता आपली पाळी. २७ जानेवारी २०२३ रोजी ओ.एम.बी.ने याच नियमात पुन्हा बदल सुचवणारी नोटीस छापली. हरकतींची मुदत १२ एप्रिल होती, ती वाढवून २७ एप्रिल केली. वीस हजारांवर मते आली. २८ मार्च २०२४ रोजी अंतिम निर्णय जाहीर झाला. त्यात मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा नवा रकाना आला, आणि त्याखाली उदाहरणादाखल दिलेल्या नावांत लेबनीज, इराणी, इजिप्शियन, सीरियन, इराकी यांच्या जोडीला इस्रायली हेही नाव आहे. आशियाई रकान्याखाली एशियन इंडियन आहेच. खात्यांनी हे अमलात आणण्यास पाच वर्षांचा अवधी दिला होता. अशा मुदती पुढेमागे होत असतात, तेव्हा हातात पडलेला फॉर्म कोणत्या नमुन्याचा आहे ते पाहूनच भरावा.

जे कुटुंब नागाव किंवा भायखळ्याहून लोद किंवा अश्दोदला गेले, तेथे एक पिढी वाढली आणि मग न्यू जर्सीला आले, त्याने काय लिहावे? आमचे उत्तर असे. हा प्रश्न ज्याचा त्याने आपल्याबद्दल ठरवायचा आहे, तेच सरकारचेही धोरण आहे. नव्या नमुन्यात लागू असतील तितक्या खुणा करता येतात. बाप भारतात जन्मलेला, मुलगा इस्रायलमध्ये, तर दोन्ही खुणा करण्यास काहीच अडचण नाही. फक्त धर्माचे नाव लिहून थांबू नये. अमेरिकन जनगणना धर्म विचारत नाही. धर्माविषयी माहिती देण्याची कोणावर सक्ती करता येणार नाही असे १९७६ पासून कायद्यातच आहे, आणि वंशमूळाच्या जागी कोणी धर्माचे नाव लिहिले तर त्याची वेगळी गणती होत नाही. आपले वैशिष्ट्य त्या जागेत मावणार नाही. ते आपण आपल्या वह्यांत ठेवलेले बरे.

मराठीचा रकाना मात्र आहे, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा असावा. वार्षिक पाहणीत विचारतात की घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी कितपत येते. २०१६ पासून छापल्या जाणाऱ्या सविस्तर तक्त्यात हिब्रूला स्वतंत्र ओळ आहे. गुजराती, हिंदी, उर्दू, पंजाबी, बंगाली यांनाही आहे. मराठी नेपाळीबरोबर व इतर भारतीय आर्यभाषांबरोबर एका ओळीत बसली आहे. ज्या घरात आजी मराठीत रागावते आणि आई हिब्रूत, त्या घरातील प्रत्येक माणसाला प्रश्न एकाच भाषेचे नाव मागतो. अशा घरांत बहुतेक वेळा हिब्रू लिहिले जाते असा आमचा अनुभव आहे. आणि काही लोक ‘इंडियन’ असे लिहितात! त्यातून कोणतीच भाषा कळत नाही. भाषेचे नाव लिहावे.

या ओळींचे पुढे काय होते ते क्वीन्सच्या बंगाल्यांना विचारावे. मतदान हक्काच्या कायद्यात असे आहे की एखाद्या काउंटीत एका भाषिक गटाचे, इंग्रजी अपुरे येणारे, मतदानाच्या वयाचे नागरिक १०,००० हून जास्त किंवा ५ टक्क्यांहून जास्त असतील, आणि त्यांच्यात शिक्षणाचे प्रमाण देशाच्या मानाने कमी असेल, तर मतपत्रिका त्यांच्या भाषेत द्यावी लागते. याची मोजणी याच वार्षिक पाहणीवरून होते. २०११ साली क्वीन्स काउंटी एशियन इंडियन गटासाठी त्या यादीत आली आणि निवडणूक मंडळाने भाषा म्हणून बंगाली निवडली. ४० मिनिटांच्या कंटाळवाण्या फॉर्ममधून बंगाली मतपत्रिका निघाली ती अशी. मराठी मतपत्रिका निघेल असे आम्ही म्हणत नाही. आपण मूठभर आहोत. पण रुग्णालयात दुभाषा, वृद्धांसाठी पत्रके, वाचनालयात पुस्तके यांचे निर्णयही कोणीतरी असेच तक्ते समोर ठेवून घेते.

म्हणणे कसे मांडावे

पत्र लहान असावे, एका पानाचे. वर नोटिशीचा विषय व क्रमांक. मग आपण कोण ते एका वाक्यात. मग फॉर्मचे पान व प्रश्नाचा क्रमांक, तेथे काय अडते, आणि त्याऐवजी काय असावे. उदाहरणार्थ, भाषेच्या प्रश्नावर लिहायचे तर असे लिहावे: आमच्या घरात पाच माणसे आहेत, वडीलधारी मंडळी मराठी व हिब्रू बोलतात, मुले हिब्रू व इंग्रजी. प्रत्येकाला एकाच भाषेची जागा असल्याने वृद्धांची मराठी नोंदली जाण्याचा संभव कमी होतो. दुसऱ्या भाषेसाठी एक ओळ ठेवावी, किंवा कोणती भाषा लिहावी याची सूचना छापावी. असे पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात काहीतरी पडते. दहा घरांनी एकच छापील मजकूर पाठवण्यापेक्षा दहा घरांनी आपापली हकीकत चार ओळींत लिहिलेली बरी. टपालानेही पाठवता येते, आणि बहुतेक नोटिसांवर रेग्युलेशन्स डॉट गव्ह या सरकारी जागेवरून पाठवण्याची सोय दिलेली असते. एक सावधगिरी घ्यावी. पाठवलेले म्हणणे बहुधा जगजाहीर होते, नावानिशी. त्यात सोशल सिक्युरिटी नंबर, इमिग्रेशनचा नंबर, आजारपण असले काही लिहू नये.

सुनावणीचे नियम थोडे निराळे आहेत आणि येथे शब्दांत गल्लत होते. खुली सभा आणि जाहीर सुनावणी या दोन वस्तू आहेत. १९७६ च्या कायद्याने केंद्राच्या आयोगांना व मंडळांना आपल्या सभा लोकांसमोर घ्याव्या लागतात व साधारण आठवडाभर आधी त्या जाहीर कराव्या लागतात. तेथे आपण बसून ऐकू शकतो, पण बोलण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. सल्लागार समित्यांच्या सभांची नोटीस पंधरा दिवस आधी निघते, आणि त्यांत लोकांसाठी थोडा वेळ राखून ठेवण्याची चाल आहे. सुनावणी म्हणजे मात्र आपले ऐकण्यासाठीच बोलावलेली बैठक. तीत नाव आधी नोंदवावे लागते व प्रत्येकाला तीन ते पाच मिनिटे मिळतात. आपल्याकडे भाषणाची सुरुवात आभारांनी करण्याची पद्धत आहे. तेथे ती महागात पडते, कारण अध्यक्ष, पाहुणे व उपस्थित मंडळी यांचे आभार मानेपर्यंत घंटा वाजते. मागणे पहिल्या वाक्यात सांगावे, कारण दुसऱ्यात, आणि लेखी प्रत टेबलावर ठेवून यावे. दुभाषा, चाकाची खुर्ची किंवा ऐकण्याचे यंत्र लागत असेल तर ते कोणत्या तारखेपर्यंत कळवावे हे नोटिशीतच लिहिलेले असते.

शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सुनावणी ठेवली असेल तर नोटिशीत दिलेल्या अधिकाऱ्याला ताबडतोब कळवावे आणि दुसरा दिवस आहे का ते विचारावे. नसला तरी बिघडत नाही. लेखी म्हणणे व तोंडी म्हणणे एकाच दप्तरात जाते आणि दोन्हीचे वजन सारखे असते. फक्त मुदतीचा अर्थ नीट पाहावा. काही नोटिसांत त्या तारखेपर्यंत पत्र टपालात पडलेले चालते, काहींत ते पोहोचलेलेच असावे लागते, आणि संगणकावरून पाठवायचे असल्यास मध्यरात्र वॉशिंग्टनच्या घड्याळाने मोजली जाते. कॅलिफोर्नियातील वाचकांनी तीन तास आधीच आटोपावे.